गेममधला ईदचा जोड

आपा लग्न होऊन आटपाडीला गेली आणि त्यानंतर आम्हा दोघी बहिणींचं खरं बोलणं एकाच ठिकाणी व्हायला लागलं. ते ठिकाण म्हणजे फोनवरचा बंदुकांचा गेम. कुणाला सांगितलं की हसतात. पण आमचं तसंच होतं.

आम्ही आष्ट्याच्या. अब्बा टेलर, दुकान घराच्याच पुढच्या खोलीत. आपा माझी मोठी बहीण. बारावीनंतर ती अब्बांच्या हाताखाली बसली. आधी हुक, काजं, तुरपाई आणि हळूहळू अख्खे ब्लाउज. मला सुईत दोरा ओवायचाही कंटाळा. मी कॉम्प्युटर शिकले आणि बाजारातल्या फोटो स्टुडिओत लग्नाचे अल्बम जुळवायला लागले. आमच्या घरातली बोली अर्धी दखनी आणि अर्धी मराठी. इथं मी सगळं मराठीतच लिहिते, म्हणजे वाचणाऱ्याची ओढाताण नको.

गेम आमच्याकडे आला तो कोरोनात. दुकान बंद, स्टुडिओ बंद, आणि गेम फुकट. विमानातून एका बेटावर उडी मारायची, रिकाम्या घरांतून बंदुका गोळा करायच्या आणि शेवटपर्यंत जिवंत राहायचं. बाकी सगळे तुम्हाला मारायला टपलेले, आणि खेळायची जागा आक्रसत जाते, म्हणून एका जागी फार वेळ बसताही येत नाही. दोघींची जोडी करता येते आणि खेळताना एकमेकींशी बोलता येतं. मी आपाला ओढूनच बसवलं. पहिल्या दिवशी तिनं बंदुकीला हातच लावला नाही. "मला भ्या वाटतंय गं, तूच मार," म्हणाली आणि एका घराच्या न्हाणीत जाऊन बसली. पण पुढं कळलं की लपावं तर तिनंच. शत्रू शेजारून जायचा तरी त्याला पत्ता लागायचा नाही. आणि जीप अशी हाणायची, की मी शेजारी बसून ओरडायचे. खऱ्या आयुष्यात तिनं सायकलही कधी चालवली नव्हती.

फुकट खेळणाऱ्याच्या अंगावर गेमवाले एक बनियन आणि राखाडी पॅन्ट देतात. आपाला तेवढं एकच खुपायचं. "टेलरच्या पोरी आपण, आन बनियनवर हिंडतोय गावभर," म्हणायची. विकतचे भारी कपडे दुकानात टांगलेले दिसायचे, पण ते आमच्यासाठी नाहीत हे आम्ही धरूनच चाललो होतो.

मग कऱ्हाडच्या मामूंनी आपासाठी स्थळ आणलं. मुलगा आटपाडीचा, डाळिंबाच्या व्यापारातला. दूल्हेभाई माणूस सरळ, पण तोंडातून शब्द निघायची मारामार. घरात तो आणि त्याची अम्मी, दोघंच. त्या अम्मीला आम्ही खाला म्हणतो. खाला उंच, आवाजाच्या खणखणीत, आणि निकाहच्या दिवशी त्यांनी आमच्या अम्मीला सांगितलं होतं, "पोरीची काळजी करू नका, पण रोज रोज फोनबी करू नका. तिला रुळू द्या."

फोन आम्ही केलेच, पण त्यात बोलणं नव्हतं. "जेवलीस?" "जेवले." "बरी हायस?" "बरी हाय." मग अम्मी फोन घ्यायची, तेच विचारायची, मग अब्बा. आपा हसून उत्तरं द्यायची, आणि ते हसू आमच्या घरातलं नव्हतं एवढं मला कळायचं.

एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत स्टुडिओत बसले होते. गेम उघडला, तर यादीत आपाच्या पुढं हिरवा ठिपका. म्हणजे ती खेळत होती, एकटीच. मी लगेच जोडी केली.

"आपा!"

"हळू बोल. खाला झोपल्यात," ती कुजबुजली. "जोहरची, दुपारची नमाज पढून तासभर पडत्यात. तेवढ्यात खेळते मी."

त्या दिवसापासून ती दुपारची वेळ आमची झाली. गंमत अशी, की फोनवर न निघणारं सगळं गेममध्ये आपोआप निघायचं. दगडाआड बसल्या बसल्या ती सांगायची, इथलं पाणी मचूळ आहे, चहा आपल्यासारखा होत नाही. धावता धावता सांगायची, "काल रश्श्यात मीठ लय पडलं, तर ह्यांनी काय म्हटलं न्हाई, गुमान खाल्लं. बोलले असते तर बरं वाटलं असतं." आणि मध्येच, "डावीकडं बघ, डावीकडं! झाडामागं हाय!"

पहिली ईद तिनं सासरीच करायची असं ठरलं. तिच्यावाचून आमची ती पहिलीच ईद. रमजानात अब्बांच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते, आणि तुरपाई करायला आपा नाही, म्हणून अब्बा चिडचिड करत होते. त्याच आठवड्यात गेममध्ये जाहिरात लागली. ईदचा खास जोड, दोन मैत्रिणींसाठी. बाटलीच्या हिरव्या रंगाचा लांब अंगरखा, खाली घेर, छातीवर जरीचं काम, खांद्यावरून पाठीमागं गेलेला दुपट्टा. चित्रातली बाई वाऱ्यात उभी होती आणि दुपट्टा लाटेसारखा उडत होता. जोडातला एक पोशाख आपण ठेवायचा, दुसरा मैत्रिणीला पाठवायचा. मी दिवसभर नवऱ्या मुलींच्या चेहऱ्यावरचे डाग पुसते, ढगाळ आभाळ निळं करते. चित्र कसं खुलवतात ते मला शिकवायला नको. तरी मी त्या चित्रावर भाळले.

घ्यायला गेले तर पैसे थेट घेतच नाहीत. आधी गेममधले हिरे विकत घ्यायचे. हिऱ्यांची जी पुडी मिळते तिच्यात जोड बसत नाही, थोडे हिरे कमी पडतात, म्हणून दुसरी पुडी. आणि हिरे देऊनही जोड हातात येत नाही. एक पेटी येते, ती उघडायची, नशिबात असेल ते निघतं. पहिल्या पेटीतून दात काढून हसणाऱ्या माशाचं पॅराशूट निघालं. गेममध्ये हाणामारीला तवाही असतो, दुसरीतून त्या तव्यावर मारायचा गुलाबी रंग. मग एक नाच निघाला, आपला माणूस कमरेवर हात ठेवून उड्या मारतो. परत एकदा तोच नाच. मी हट्टाला पेटले. किती गेले ते घरी कधी सांगितलं नाही, इथंही सांगत नाही. अखेर जोड निघाला तेव्हा मी स्टुडिओत एकटीच टाळी वाजवली आणि दुसरा पोशाख लगेच आपाच्या नावावर पाठवला.

ईदच्या दुपारी, पाहुणे पांगल्यावर, आपा गेमवर आली. "आपा, तुला आलेली पेटी उघड," मी म्हणाले.

पेटी उघडल्याचं संगीत वाजलं. मग, "या अल्ला! छोटी, हे काय केलंस गं?"

"घाल की आधी."

घातला. मीही घातला. आम्ही विमानातून उडी मारली, खाली उतरलो, एकमेकींसमोर उभ्या राहिलो आणि वरपासून खालपर्यंत बघितलं.

तो कपडा नव्हताच. पत्रा होता. वारा होता, झाडं हलत होती, पण आमचा घेर ढिम्म. जरीच्या जागी पिवळा ऑइलपेंट फासल्यासारखे पट्टे. दुपट्टा खांद्यावरून निघून थेट पोटात शिरत होता आणि पाठीतून बाहेर येत होता. आपा खाली बसली तर घेर जमिनीत बुडाला, ती कमरेपर्यंत पुरल्यासारखी दिसायला लागली.

"रंग चांगला हाय," आपा म्हणाली. तिला माझं मन मोडायचं नव्हतं.

पण रंगानंच घात केला. त्या मातकट बेटावर आम्ही दोघी कोसावरून दिसत होतो. चारी बाजूंनी गोळ्या यायला लागल्या.

"आपा, पळ! लप कुठंतरी!"

"कुठं लपू? मांडवासारखी दिसतीया मी!"

दोघी मेलो. परत उतरलो, परत मेलो. जिला कुणी कधी शोधू शकलं नव्हतं ती माझी बहीण, माझ्या कपड्यांमुळं सगळ्यांत आधी मरत होती. मला रडू यायला लागलं. त्या संध्याकाळी मी कंपनीला लांबलचक तक्रार लिहिली: चित्रात एक आणि अंगावर दुसरंच, दुपट्टा पोटातून जातो, पैसे परत द्या. उत्तर लगेच आलं, म्हणजे माणसानं लिहिलेलं नव्हतं. आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत, आणि सोबत पुढच्या खरेदीवर सूट.

दुसऱ्या दिवशी मी आपाला म्हणाले, "काढून टाक ते. बनियनच बरी."

"न्हाई काढायचं."

"अगं, मरतोय आपण!"

"मरू दे. ईदचा कपडा हाय. तू दिलायस. महिनाभर तरी घालणार मी."

आपाचा आवाज कधी चढत नाही, पण ती एकदा नाही म्हणाली की अब्बासुद्धा माघार घेतात. म्हणून मग आम्ही बाहेर हिंडणंच सोडलं. उतरायचं, जवळचं एखादं दुमजली घर गाठायचं, वरच्या खोलीत जायचं, दार लावायचं आणि भिंतीला टेकून बसायचं. खिडकीतून हिरवं दिसू नये म्हणून कोपऱ्यात. जागा आक्रसत आमच्यापर्यंत येईस्तोवर चांगला वेळ मिळायचा. आधी पळता पळता तुकड्यातुकड्यांनी बोलायचो, आता निवांत बोलायला लागलो. बंदुका बाजूला पडलेल्या.

त्या खोलीतच आपानं मला सांगितलं, की तिला हात रिकामे राहिल्याचा त्रास होतो. "घरात दोन माणसांचं काम. ते उरकतं. मग मी नुसती भिंतीकडं बघत बसते. मशिनची लय आठवण येते गं."

"मग सांग की दूल्हेभाईंना."

"ते म्हणत्यात, अम्मीला विचार. आन खालांना कसं विचारू? सुनेला कामाला लावली म्हणून गाव बोलेल, असं त्यांना वाटलं तर?"

तेवढ्यात आमच्या घराचं दार फुटलं आणि कुणीतरी आत घुसलं. आपा किंचाळली, "मार, मार, दारात हाय! मार त्याला!" कुजबुजायचं तिच्या ध्यानातच राहिलं नाही. आणि माझ्या कानात दुसरा आवाज आला, खणखणीत, झोपेतून उठलेला.

"कोण हाय? कुणाला मारतीस गं?"

मी फोन घट्ट धरून बसले. तिकडं दार वाजलं, पावलं वाजली. आपा म्हणाली, "न्हाई खाला, कोण न्हाई, खेळ हाय. आवं, छोटी हाय फोनवर."

"बघू."

मला दिसत काहीच नव्हतं, फक्त ऐकू येत होतं. तोवर आम्ही दोघी मेलो होतो. आमच्या दोघींची मढी पडद्यावर हिरवीगार पसरलेली असणार.

"ही कोण? नवरी हाय व्हय?"

"ही मी हाय. छोटीनं ईदला कपडे दिलेत."

"ह्यातनं? फोनातनं?" मग त्यांनी पडदा जवळ घेतला असावा, कारण आवाज एकदम मोठा झाला. "आगं, पदर पोटातनं गेलाय की हिचा! कुणी शिवलंय हे?"

मला हसू आवरलं नाही. ते त्यांना ऐकू गेलं, आणि त्याही हसल्या. आपा सगळ्यांत शेवटी हसली, पण ते हसू आमच्या घरातलं होतं. हसता हसताच तिनं तोंडातून काढलं, "खाला, मी शिवलं असतं तर असं न्हाई केलं."

"मग शीव की. शिवायला येतंय आन बसलीस व्हय बंदुका झाडत? माझी दोन झंपर तीन महिने पडल्यात, तो टेलर वायदे करतोय."

एवढंच. ज्या प्रश्नाला आपा किती आठवडे घाबरत होती, तो असा सुटला.

अब्बांचं एक जुनं मशिन माळ्यावर होतं. त्यांनी ते उतरवून सगळं खोलून तेल घातलं, पट्टा नवा बसवला आणि चालवून बघताना उगीचच दोन चिंध्या जोडल्या. ओळखीच्या टेम्पोत टाकून आम्ही दोघं ते घेऊन निघालो, विटा, भिवघाट करत. घाटाच्या पुढं ऊस संपतो, माळ लागतो. अब्बा वाटभर मागं वळून मशिनकडं बघत होते. आटपाडीत पोचल्यावर दूल्हेभाईंनी मशिन एकट्यानं उचलून आत नेलं आणि खिडकीजवळची जागा दाखवली. तिथली डाळिंबाची रिकामी क्रेट त्यांनी आधीच हलवून ठेवली होती. "उजेड चांगला हाय इथं," ते म्हणाले. मी त्यांच्या तोंडून ऐकलेलं ते सगळ्यांत लांब वाक्य. आपा त्यांच्याकडं बघतच राहिली.

ईदचा जोड आठवडाभरापूर्वीच नाहीसा झाला होता. सणाचा हंगाम संपला म्हणून गेमवाल्यांनी परत घेतला. तो कायमचा नाही हे कुठंतरी बारीक अक्षरात लिहिलेलं होतं म्हणे. मला परत एकदा चीड आली. आपाला नाही. "महिनाभर घातला की," म्हणाली.

त्या दुपारी अब्बा आणि खाला बाहेर ओट्यावर बोलत बसले, आणि आम्ही दोघी लग्नानंतर पहिल्यांदाच एका पलंगावर शेजारी बसून खेळलो. सवयीनं दोघींचे माइक चालूच होते, म्हणून चमत्कारिक वाटत होतं. आपाचा आवाज मला दोनदा ऐकू यायचा, एकदा तिच्या तोंडून आणि मग जरा उशिरानं फोनातून. "पुढं बघ" म्हणाली की फोनातली आपाही मागाहून म्हणायची, "पुढं बघ." आम्हाला हसू आवरेना, आणि त्या हसण्यात दोघी मेलो.

पडद्यावर नवी जाहिरात आली. बर्फाळ बेटावरचा खास कोट, लोकरीची कॉलर, पाठीवर सोनेरी पंख.

"घेऊ नकोस हां," आपा म्हणाली.

"छे! वेडी हाय काय मी?"

पण चित्र फुकट बघता येतं. मी ते बोटानं गोल फिरवलं. आपानं हनुवटी माझ्या खांद्यावर टेकली आणि डोळे बारीक करून बघायला लागली.

"कॉलर बरी बसलीया," ती म्हणाली. "बाह्या मात्र आखूड हायत. परत फिरव बघू."