शार्पच्या लेकीचे फोटो

त्याला सगळे 'शार्प' म्हणत. डोक्याने तल्लख होता म्हणून नव्हे. तसा संशय त्याच्यावर कोणी घेतलेला नाही. गिऱ्हाइकाच्या हातात फोटो ठेवताना "बघा, एकदम शार्प" असं म्हणायची त्याला खोड होती. पुढेपुढे फोटो कसाही आला तरी तो हेच म्हणायचा. फोटो बिघडत गेले आणि नाव पक्कं होत गेलं.

बाजारातल्या एका इमारतीत, जिन्याखाली त्याचा स्टुडिओ होता. पुढे काउंटर, मागे पडदा, आणि पडद्याआड कॉम्प्युटरपुढे त्याची बायको. फोटो काढणं ही कला, म्हणून ती त्याच्याकडे. दिवे उचलणं, लोकांच्या कॉलरी सरळ करणं, गालांवरचे डाग पुसणं ही हमाली, म्हणून ती बायकोकडे. त्याने काढलेला प्रत्येक फोटो मोठा करून पहिल्यांदा तीच बघायची. त्यामुळे त्याच्या कलेबद्दल तिचं मत काय होतं, ते वेगळं सांगायला नको.

नवा कॅमेरा आल्यापासून तर विचारूच नका. फोकस कुठे धरायचा ते कॅमेऱ्यावर सोडून हा मोकळा. कॅमेरा बिचारा जवळ दिसेल ते धरायचा. मुख्याध्यापकांच्या निरोपसमारंभात समोरचा माइक लख्ख आला आणि मुख्याध्यापक धुक्यात गेले. एका तान्ह्या बाळाची मूठ इतकी सुरेख आली की नखंसुद्धा दिसत होती. चेहरा मात्र कोणाच्याही बाळाचा म्हणून खपला असता. बायको सांगून थकली, की अहो, फोकसचा एकच ठिपका निवडा, तो माणसाच्या डोळ्यावर धरा, आणि फोटो काढल्यावर तिथल्या तिथे मोठा करून बघा. त्यावर शार्पचं उत्तर ठरलेलं. मोठं करून बघतात ते नवशिके, त्याला म्हणे नुसत्या 'टीक' आवाजावरून कळायचं. शिवाय चष्मा कायम कपाळावर, कारण चष्मा लावला की वय दिसतं. मोठं करून तरी त्याला काय कप्पाळ दिसणार होतं?

अशात मुलीचं लग्न ठरलं. कचेरीत सह्या आणि मग हॉलमध्ये जेवण, इतकं साधं. मुलीची एक मैत्रीण फोटो काढायची, आणि चांगले काढायची. तिला बोलावू का, असं मुलीने नुसतं विचारलं, तर शार्पने जेवणाच्या ताटावरून उठून दाखवलं. घरात एवढा मोठा कलावंत असताना बाहेरची पोर आणायची म्हणजे चारचौघांत त्याचं नाक कापायचं. शेवटी मुलीने हात टेकले. एवढंच म्हणाली, "बाबा, बाकीचे कसेही येऊ देत. आईबरोबरचा एक फोटो मला धड पाहिजे."

तिचं मागणं वावगं नव्हतं. या फोटोग्राफरच्या घरात त्याच्या बायकोचा एकही फोटो नव्हता. उजेड नीट पडतोय का ते बघायला तो तिला गिऱ्हाइकाच्या जागी उभी करायचा, दोनचार फोटो काढायचा, "हं, हो बाजूला" म्हणायचा आणि ते पुसून टाकायचा. सगळा जन्म ती अशी बाजूला होत आली होती. ती बोलली नाही, पण तो फोटो मुलीपेक्षा तिला जास्त हवा होता.

लग्नाच्या दिवशी तिने ठेवणीतले कपडे घातले आणि दिव्याला हात लावला नाही. हॉलच्या मोठ्या खिडकीपाशी छान उजेड होता. तिथे मुलगी तिच्या गळ्यात पडली. दोघी आधी रडल्या, मग एकमेकींच्या तोंडाकडे बघून हसत सुटल्या. शार्प समोरून फोटो काढत होता. दोघींच्या मागे, जेवणाच्या टेबलापाशी, एक बिल्डर प्लेट घेऊन उभे होते. ते शार्पचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक, त्यामुळे त्यांना आग्रहाचं बोलावणं होतं. मैत्रीण जवळच उभी होती. काका, एकदा झूम करून बघा ना, असं ती अदबीने म्हणाली. तू जन्मली नव्हतीस तेव्हापासून मी हेच करतोय, असं शार्पने तिला सगळ्यांदेखत सुनावलं. कॅमेऱ्यामागच्या टीचभर पडद्यावर सगळेच फोटो छान दिसतात, हे त्या पोरीला माहीत होतं. पण तिने तरी किती अपमान करून घ्यायचा?

दुसऱ्या दिवशी मुलगी नवऱ्याबरोबर परगावी गेली आणि बायको कॉम्प्युटरपुढे बसली. खिडकीजवळचा पहिला फोटो तिने मोठा केला. दोघी पुसट. एखादा वाया जातोच, म्हणून तिने पुढचा उघडला. मग त्याच्या पुढचा. सगळे तसेच. पुढे ओळखू न येणाऱ्या दोन बायका, आणि त्यांच्या खांद्यांमधून दिसणारे बिल्डर मात्र असे स्वच्छ, की मिशीचा केस न् केस मोजून घ्यावा.

तिने नवऱ्याला हाक मारली. त्याने चष्मा लावून बघितलं आणि त्याचा चेहरा पडला. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. कुठल्याशा उद्घाटनाला कॅमेऱ्याने बिल्डरांना सोडून फीत धरली होती, आणि त्यांनी याला भर समारंभात झापलं होतं. कॅमेऱ्यात चेहरा नोंदवून ठेवायची सोय होती. नोंदवलेला माणूस फोटोत कुठेही असला, तरी कॅमेरा बाकीच्यांना सोडून त्यालाच धरतो. तेव्हापासून या गड्याने कॅमेऱ्यात बिल्डरांचा चेहरा नोंदवून ठेवला होता. तेवढा एकच. लेकीच्या लग्नापुरती ती सोय बंद करावी, हे त्याच्या डोक्यातही आलं नाही.

"कॅमेऱ्याने घोळ केला," शार्प म्हणाला. "ती आली की परत उभ्या राहा दोघी. पुन्हा काढू, त्यात काय?"

"कॅमेऱ्याने काही घोळ नाही केला," बायको म्हणाली. "तुम्ही ज्याच्याकडे बघायला सांगितलंत, त्याच्याकडे बघितलं त्याने."

तेवढ्यात शार्पचा फोन वाजला. बिल्डर होते. लग्नाच्या रात्रीच याने काही फोटो मोबाइलवर घेऊन, न बघता, मोठ्या हौसेने त्यांना पाठवले होते. बिल्डर बेहद्द खूश होते. आवाज एवढा मोठा, की बायकोला शब्दन् शब्द ऐकू येत होता.

"असा फोटो माझा आजवर कोणी काढला नाही," ते म्हणाले. "मोठा करून दे, ऑफिसात लावतो. फक्त पुढे त्या दोन बायका आल्यात ना, त्या काढून टाक."

शार्पने बायकोकडे बघितलं. साहेब, एक माझी बायको आहे आणि एक माझी मुलगी. एवढं म्हणायला काही विद्वान असावं लागत नाही. शार्प म्हणाला, "हो साहेब, संध्याकाळपर्यंत देतो."

फोन ठेवून तो बायकोकडे न बघता म्हणाला, "अगं, तेवढं करून दे पटकन."

ती खुर्चीवरून उठली. "ते तुम्हीच करा," ती म्हणाली. "तेवढं तुम्हाला जमेल."

बाहेर काउंटरपाशी उभी राहून तिने मुलीला फोन लावला आणि तो फोटो आलाच नाही म्हणून सांगितलं. आत शार्पने चष्मा सारखा केला आणि त्या दोघींना फोटोतून काढायला घेतलं. ते काम त्याने बिनचूक केलं.