भिंती वेचणारा प्रोग्राम

"म्हंजे प्रोग्राम तुझा झाला व्हय, आरोही?"

"सिदूदादा, मी नीटनेटका केला की. सूचना इंग्रजीत घातल्या. साहेबांनीच त्यावर माझं नाव टाकलं, मी काय करू?"

जुळे सोलापुरातल्या त्या ऑफिसात सिद्धराम बारा वर्षं संगणकावर घरांचे नकाशे काढत होता. मेंढरं राखणाऱ्या घरातला तो; कळपातलं आजारी मेंढरू त्याला लांबून ओळखू यायचं. नकाशाच्या हजार रेघांतून नेमक्या भिंती वेचणारा छोटा प्रोग्राम त्यानं जेवणाच्या सुट्टीत लिस्प या संगणकाच्या भाषेत लिहिला. ऑफिसात नव्यानं आलेल्या आरोहीला लिस्प शिकवलं तेही त्यानंच, डब्यातली शेंगाचटणी तिच्यापुढं सरकवत.

"कुटल्या सूचना बदलल्यास?"

"तुम्ही 'भिंतीवर बोट ठिवा' असं लिहिलं होतं, दादा. प्रोग्राम विकत घेणारी गिऱ्हाइकं हसली असती."

सिद्धरामनं प्रोग्राम चालू केला आणि काहीच न निवडता एंटर दाबलं. पडद्यावर ओळ उमटली: 'काय बी घावलं न्हाय. परत बघा की.'

"ही बदलायची राहिली," तो हळूच म्हणाला. "उद्या साहेबांनी इचारलं, तर ही कुणाची म्हणून सांगशील?"

आरोहीनं स्कूटीची चावी उचलली, तोंडाला ओढणी गुंडाळली आणि त्याच्याकडं न बघताच जिना उतरून गेली.