भोजलीच्या घरचं सुतक

विमला काळमेघ म्हणजे तोंडानं फटकळ आणि हातानं मोकळी बाई. वर्ध्याहून लग्न होऊन रायपूरला आली, पुरानी बस्तीतल्या दोन खोल्यांत संसार मांडला. नवरा दिवाकर रेल्वेत बाबू, मुलगा पराग नागपुरात नोकरीला. इतकी वर्षं छत्तीसगडात काढूनही बाई स्वतःला पाहुणीच समजायची. आज ना उद्या आपल्या मुलखात जायचंच, हे तिचं पालुपद. आणि याच बाईनं मागचापुढचा विचार न करता एक अख्खं नातं कानावर खोचून घेतलं. आता बोला.

त्याचं असं झालं. नवं राज्य झालं, रायपूर राजधानी झालं. सदर बाजारात पाय ठेवायला जागा उरली नाही, समता कॉलोनीत ज्याच्या त्याच्या तोंडी प्लॉटच्याच गोष्टी. आणि तासाभरावरच्या खपरीडीहमध्ये धान उभ्या उभ्या करपलं. तिकडे दुष्काळ पडला की दिवाळीनंतर ठेकेदाराचा ट्रक येतो आणि माणसं परमुलखात वीटभट्टीवर जातात, ती पावसाळ्याच्या तोंडाशी परततात. मागं उरतात म्हातारे आणि कुत्री. हाटाला दुकानदार येत नाही, कारण घ्यायला गिऱ्हाईक नाही. गाव असं हळूहळू मरतं आणि राजधानीत कोणाच्या खिजगणतीतही नसतं.

खपरीडीहची बिसाहिन विमलाच्या दारावर कोहळं विकायला यायची. विमलानं तिला एकदा उडदाची डाळ देऊन कोहळ्याच्या वड्या घालायला लावल्या. तिकडे त्याला रखिया बड़ी म्हणतात. मराठी घरांतून त्या वड्या हातोहात गेल्या. दिवाकर रविवारी स्कूटर काढायचा, खपरीडीहहून पिशव्या आणायचा आणि घरोघर, दुकानोदुकानी पोचवायचा. कोहळ्याचा वेल छपरावर चढतो, भांड्यांच्या खरकट्या पाण्यावर जगतो, त्याला दुष्काळाची फिकीर नाही. अडचण एकच होती. वड्यांचा हंगाम थंडीचा, आणि ट्रकही थंडीतच यायचा.

"काहून जाता भट्टीवर?" विमला एकदा बिसाहिनच्या पाऱ्यातल्या, म्हणजे वस्तीतल्या, बायांना म्हणाली. "घरी राहून वड्या घाला. जेवढ्या घालाल तेवढ्या मी विकून देईन." बोलायला काय जातं.

राखीच्या दुसऱ्या दिवशी बिसाहिननं तिला तलावावर नेलं. टोपलीत उगवलेले गव्हाचे पिवळे कोंब, म्हणजे भोजली, बाया पाण्यात सोडत होत्या. त्यातले चार बिसाहिननं विमलाच्या कानावर खोचले, चार तिच्याकडून स्वतःच्या कानावर खोचून घेतले आणि हात जोडून म्हणाली, "सीताराम भोजली." विमलाला वाटलं, प्रसाद असेल. घरी आल्यावर शेजारच्या अंजनाबाईंनी कपाळावर हात मारला. "अवं, तू भोजली बदून आली. आता तुम्ही एकमेकीचं नाव नाही घ्यायचं. तिचं सुख ते तुहं, तिचं दुख ते तुहं. रक्तापेक्षा जवळचं असते हे." विमला हसली. म्हणाली, चला, म्हातारपणी बहीण मिळाली.

दिवाळी झाली आणि दिवाकर गेला. सकाळी दाढी करता करता खाली बसला तो उठलाच नाही. विमला दगड झाली. पराग धावत आला, सगळं त्यानंच निस्तरलं. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "आई, इथं आता कोणासाठी राहतं? नागपूरले चाल." ती हो म्हणाली. वड्यांचा विचार मनात आला नाही असं नाही. आला. पण स्कूटर चालवणारा गेला, तिला तर धड सायकलही येत नाही. शिवाय ट्रक येऊन गेला असेल, बाया गेल्या असतील भट्टीवर. बरंच झालं, असं तिला वाटलं. आपल्या शब्दातून आपण आपोआप मोकळे झालो.

दहाव्याला महादेव घाटावर पराग डोकं भादरून बसला होता. गुरुजींनी पिंड मांडले आणि मान वर करून पाहतच राहिले. घाटाच्या पायऱ्यांवर सात-आठ पुरुष ओळीनं बसले होते, सगळ्यांची डोकी ताजी भादरलेली. सगळ्यात पुढं बिसाहिनचा नवरा तुळशीराम. त्यांच्यामागं पाऱ्यातल्या बाया, न्हाऊन ओल्या केसांनी.

"हे कोण लोक आहे?" परागनं विचारलं.

"खपरीडीहचे," विमला म्हणाली. डोक्यावरचे केस फक्त घरच्या माणसानं द्यायचे असतात. दिवाकरच्या सख्ख्या पुतण्यानं दिले नव्हते, त्याला ऑफिसात बरं दिसत नाही म्हणे.

मग दुसरी गोष्ट विमलाच्या डोक्यात शिरली. ही माणसं इथं कशी? यांनी तर आतापर्यंत भट्टीवर असायला पाहिजे.

"ट्रक नाही आला?" तिनं बिसाहिनला विचारलं.

आला होता, बिसाहिन म्हणाली. दिवाकरची बातमी आली त्याच्या दुसऱ्याच दिवशी. ठेकेदार ओरडला, शिव्या दिल्या, शेवटी शेजारच्या गावातली माणसं भरून घेऊन गेला. आता यंदा तो फिरकणार नाही. "तोर घर मा दुख परिस भोजली, त हमन कइसे जातेन?" तुझ्या घरी दुःख पडलं, तर आम्ही कसे जाणार? हे ती इतक्या साधेपणानं म्हणाली, जसं काही त्यात विचारण्यासारखं काही नव्हतंच.

विमलाच्या घरच्या सुतकात अख्ख्या पाऱ्यानं वर्षाची मजुरी सोडली होती. आणि ती तिकडे बॅग भरून बसली होती.

परागनं सांगून टाकलं, हिंदीत, मोठ्या सभ्यपणे. आई अब मेरे साथ नागपूर जा रही है. बिसाहिननं मान हलवली. "हव," ती म्हणाली, "बेटा के घर अपन घर होथे." मुलाचं घर ते आपलंच घर. ना रागावली, ना रडली. रागावली असती तर विमलाला सोपं गेलं असतं.

घरी आल्यावर पराग म्हणाला, "तू त्यायले थांबा म्हटलं होतं का? नाही ना? मंग तुह्यावर काय जबाबदारी?"

"मी म्हटलं होतं," विमला म्हणाली. "तुहे बाबा जायच्या आधी म्हटलं होतं. पण त्यासाठी नाही थांबले ते. तेच तर मले सहन नाही होऊन राहिलं."

तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवशी बाई सकाळच्या बसमध्ये बसली. अंजनाबाई दारात आडव्या झाल्या. महिना व्हायचा आहे, लोक काय म्हणतील, विधवा बाई घराबाहेर जात असते का. विमला म्हणाली, लोकायले म्हणू द्या. पराग मागून ओरडत राहिला. खरं सांगायचं तर तिथं जाऊन काय करायचं ते तिलाही ठाऊक नव्हतं. माफी मागू, असं काहीतरी मनात होतं.

खपरीडीहला बाया ओट्यावर नुसत्या बसून होत्या. छपरांवर कोहळी पिकून पांढरी पडली होती, कोणी हात लावला नव्हता. विमलाला पाहून बिसाहिन उठली, पाण्याचा लोटा आणला. पाणी पिऊन विमलानं लोटा खाली ठेवला.

"डाळ नाही भिजवली?" ती म्हणाली.

"काकर बर?" बिसाहिननं विचारलं. कोणासाठी?

"माह्यासाठी. मी कुठी जाऊन नाही राहिली. डोक्यावर टोपलं घेऊन दारोदार फिरेन, पण विकीन. भिजव." आपल्या तोंडून काय निघालं ते ऐकून ती स्वतःच हबकली. गुडघे दुखतात, सदर बाजारातल्या एकाही दुकानदाराचं नाव धड माहीत नाही, आणि ही टोपलं घेऊन फिरणार.

बिसाहिन आत गेली आणि गाडगं घेऊन आली. गाडग्याचं तोंड शेणामातीनं लिंपलेलं होतं. तिनं ते दगडानं फोडलं. इकडे आणखी एक बाई उठली, मग तिसरी. प्रत्येकीच्या हातात तसंच लिंपलेलं गाडगं.

"हे काय आहे?" विमलानं विचारलं. तिच्या माहेरी शेती होती. असं लिंपून काय ठेवतात हे तिला चांगलं माहीत होतं, तरी विचारलं.

"बीजहा," बिसाहिन म्हणाली. बियाणं. खायचा उडीद या पंधरा दिवसांत खाऊन संपला होता. पुढच्या पावसाळ्यात पेरायला गावात जो होता, तो एवढाच.

"थांब," म्हणायला विमलानं तोंड उघडलं. तोवर बिसाहिननं घमेल्यात उडीद ओतला होता आणि त्यावर पाणी सोडलं होतं.