एकच प्रोग्राम, निराळी उत्तरं

श्रीवर्धनला मी कॉम्प्युटरचा क्लास घेते. गेल्या वर्षी कॉलेजच्या मुलींच्या तुकडीत एक निवृत्त गृहस्थ येऊन बसले. शाळेत मला गणित शिकवलेले सर! पहिले काही दिवस मी फळ्याकडे तोंड करूनच बोलत होते, इतका धाक अजून शिल्लक होता.

थ्रेडचा धडा आला. मी म्हटलं, "आतापर्यंत प्रोग्राम एका वेळी एकच काम करायचा. आज दोन कामं एकदम चालवू. त्यातल्या प्रत्येकाला थ्रेड म्हणायचं, म्हणजे धागा." मग एक छोटा प्रोग्राम दिला. शून्यापासून सुरुवात, आकडा एकच, आणि दोन थ्रेडनी त्यात लाख-लाख वेळा एक मिळवायचा.

"दोन लाख," सरांनी आधीच सांगून टाकलं.

चालवला, तर दीड लाखही भरले नाहीत. पुन्हा चालवला, तर आणखीच वेगळा आकडा. सर माझ्याकडे वळले. "अगं, मशीन तेच, प्रोग्राम तोच. मग उत्तर बदलतंय कसं?"

मी फळ्यावर सात लिहिला आणि दोन मुलींना पुढे बोलावलं. "आकडा बघा, मनात एक मिळवा, जुना पुसून नवा लिहा." दोघींनी एकदमच सात पाहिला. एकीने आठ लिहिला. दुसरीने तो पुसून पुन्हा आठच लिहिला. व्हायला हवे होते नऊ.

"म्हणजे माझा एक हिने पुसला व्हय?" बोर्लीहून येणारी पहिली मुलगी ओरडली. वर्ग हसला. सर मात्र उठून फळ्यासमोर उभे राहिले. "बेरजेचं उत्तर एकच असतं, असं जन्मभर शिकवत आलो," ते हळूच म्हणाले.

मग मी लॉक शिकवलं. खडू एकच, ज्याच्या हातात तो, त्यानेच फळ्याशी जायचं, दुसऱ्याने थांबायचं. प्रोग्राममध्ये दोन ओळी वाढवल्या आणि सगळ्यांच्या पडद्यावर बरोबर दोन लाख आले. मुलींनी टाळ्या वाजवल्या.

"आता ते लॉक काढ," सर म्हणाले.

"का हो सर?"

"कुठला धागा कधी पुढे सरकेल, तुला तरी आधी कळतं का?"

"नाही सर. कुणालाच नाही सांगता येत."

इतकी वर्षं मी ही बदलती उत्तरं नुसती चूक म्हणून शिकवत होते. त्या दिवशी पहिल्यांदाच त्यात नवल दिसलं, आणि सरांच्या प्रोग्राममधल्या लॉकच्या दोन ओळी मी काढून टाकल्या. पुढची तुकडी दारात चपला काढत होती, आणि आम्ही सगळ्याजणी सरांच्या पडद्यावर वाकून, आता कुठला आकडा येतो याची श्वास रोखून वाट पाहत होतो.