मशमूमचा वाफा

सकाळी कुणाशी बोलण्याआधी रत्नाबाई एक पान उलटून बघायची. आखातातल्या जनाबियात, ती कामाला होती त्या व्हिलामागे मशमूमचा वाफा होता. इथल्या बायका केसांत माळतात ती, तुळशीच्या जातीची. मालकीण हुदाच्या आईनं लावलेला. आई गेली, आणि तिनं जपलेलं बी आता या रोपांतच काय ते उरलं होतं.

वेंगुर्ल्याच्या रत्नाबाईच्या लेखी ती तुळसच. तिन्हीसांजेला ती तिच्यावर पाणी शिंपडायची, आणि दिवेलागणीनंतर पानाला हात लावायची नाही.

ऑक्टोबर संपत आला होता. एका सांजेला पानांवर पिवळट डाग दिसले, शिरांमध्ये ऊन अडकून राहिल्यासारखे. हात पुढे झाला, थबकला. उजाडल्यावर काढू, म्हणून ती आत गेली. रात्रभर समुद्राची दमट हवा वाफ्यावर पडून राहिली.

सकाळी पान उलटलं तर खाली करडी लव, कुणी राख फुंकावी तशी. शेजारच्या रोपांवरही तेच.

"केवडा रोग हा," तिचा नवरा महादेव म्हणाला. तो हुदाची गाडी चालवायचा. "काकडीवर येता तसो. सांजेक आंघोळ घालतंस, मग रात्रभर ओली रवतली नाय तर काय?"

"तुळशीला पाणी घालू नको?"

"मुळात घाल. सकाळी."

आईचं बी जाईल का, एवढंच हुदानं विचारलं.

दिवसभर दोघींनी लागण झालेली रोपं उपटून प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधली, उरलेली वारा खेळेल अशी विरळ केली. सुगंध इतका दाटला की रत्नाबाईला आपण कुठल्या देशात आहोत ते कळेना. सूर्य बुडाला, आणि भिंतीलगतच्या शेवटच्या ओळीत पुन्हा पिवळं दिसलं.

उद्यापर्यंत थांबलं तर ही ओळही जाणार.

हुदा पिशवी धरून उभी होती. रत्नाबाईनं आधी हात जोडले. "माफ कर गे बाये," ती पुटपुटली, आणि अंधारात एकेक पान खुडू लागली.

ओळ तगली. थंडीत तिला तुरे आले. फेब्रुवारीत रत्नाबाईचा व्हिसा संपला. विमानतळावर न्यायला महादेवनं गाडी सुरू केली, तरी रत्नाबाई काच खाली करून हुदाला सांगतच होती, "तुरे चांगले वाळू देत. हिरवे काढलेस तर बी उगवायचं नाही."