वारूळवाडीतली फेसाळती बाटली

वारूळवाडीच्या कुशाबाईंच्या हातात नवी वस्तू आली की तिचं काय काय होतं हे त्यांना पाहायचंच असतं. लग्नात आलेल्या मिक्सरमध्ये त्यांनी चिंचेपासून जांभळापर्यंत सगळं फिरवून पाहिलं. फ्रिज आला तेव्हा बर्फाच्या कप्प्यात ताक ठेवलं. सासरे गेणभाऊ म्हणाले, "ही बाई येक दिवस मला बी त्यात ठिवील."

२००३च्या उन्हाळ्यात घरात फेसाळत्या वाइनची बाटली आली. कुशाबाईंचा नवरा भरत काही वर्षं अर्ध्या एकरात वाइनची द्राक्षं घेत होता आणि जवळच्या कारखान्याला देत होता. हंगाम संपल्यावर कारखान्याने शेतकऱ्यांना एकेक बाटली भेट दिली. गेणभाऊंना ती बारीक, बियांची द्राक्षं कधीच पटली नव्हती. "पोरं बी तोंडात टाकून थुंकत्यात," असं ते म्हणत. वेली उपटून तिथे खायची द्राक्षं लावायची, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. जमीन त्यांच्या नावावर होती.

"ज्यासाठी लावली त्याची चव तरी मामंजींना कळू द्या," कुशाबाई भरतला म्हणाल्या. "मग उपटा म्हनावं."

पुण्याच्या हॉटेलांत गोठवलेली फळं वाटून त्यावर ही वाइन ओततात, असं भरतला कारखान्यात कळलं होतं. कुशाबाईंनी बागेतली शेवटची गोड, बिनबियांची द्राक्षं धुऊन, पुसून बर्फाच्या कप्प्यात ठेवली. दुपारी लाइट जाते म्हणून सकाळीच ती मिक्सरमध्ये फिरवली. हिरवट, भुरभुरीत गोळा झाला. त्यातला अर्धा तांब्यात काढला. भरतने अंगणात बूच उडवलं, ते गोठ्याच्या पत्र्यावर आदळलं.

"कुनाचं लगीन लागलं रं?" गेणभाऊ ओट्यावरून ओरडले.

वाइन ओतून झाली. मग कुशाबाईंनी, इकडे कोणत्याही फळाच्या रसात घालतात तसं, चिमूटभर मीठ टाकलं. तांब्या फसफसून उतू गेला. भरतने बाटली उजेडात धरून पाहिली. निम्मी उरली होती. दुसऱ्या खेपेला मीठ घातलं नाही.

गेणभाऊ जत्रेत मित्रांबरोबर थोडी घेत. पण सुनेसमोर नाही, हा घरचा रिवाज. ते ग्लास आणि चमचा घेऊन गोठ्यामागे गेले. कुशाबाईंना त्यांचा चेहरा दिसेना. त्यांनी भरतला कोपऱ्यावर उभं केलं.

"काय करत्यात?"

"द्राक्षं खात्यात चमच्यानं."

"आन् वाइन?"

"वास घेत्यात."

गोठ्यामागून आवाज आला. "भरत, ह्यातलं आपलं कोनतं?"

"दोन्ही, आबा. गोळा खायच्या द्राक्षाचा, पानी वाइनच्या द्राक्षाचं."

चमचा ग्लासाच्या तळाशी वाजला. गेणभाऊ परतले तेव्हा ग्लास रिकामा होता.

"वास लई चांगलाय. गोड न्हाई, पर उग्र बी न्हाई," ते भरतकडे पाहत म्हणाले. "ऱ्हाऊ द्या अर्धा येकर. वाढवायचा मातर न्हाई." मग स्वयंपाकघराकडे तोंड करून, "आन् मीठ कशाला टाकलं व्हतं गं? ताक हाय का त्ये?"

 तांब्याच्या तळाशी उरलं होतं ते कुशाबाई पिऊन पाहत होत्या.

"आंबूस हाय जरा," त्या भरतला म्हणाल्या. "पुढल्या साली आंबा घालून बघू."