थोरल्या धन्यांचा वाडगा

मारिएनबुर्गच्या गढीत कुन्नेने उभी हयात झगे धुतले. पांढरे लोकरी झगे, छातीशी काळा क्रूस. एका हाताने तलवार चालवणारे आणि दुसऱ्याने जपमाळ ओढणारे ते जर्मन ब्रदर, आणि त्या साऱ्या पंथाचे प्रमुख म्हणजे थोरले धनी. धन्यांना तिने जवळून कधी पाहिलं नाही, पण त्यांच्या झग्याशी तिचं रोजचं भांडण.

"आला का पुन्हा छातीवर पेजेचा डाग! अहो धनी, तलवार पार लिथुआनियापर्यंत पोचते तुमची, मग चमचाच तेवढा तोंडापर्यंत का पोचत नाही?"

नोगात नदीच्या काठावर बाकीच्या परटिणी पोट धरधरून हसायच्या.

पुढे त्याच गार पाण्याने तिची बोटं वाकडी झाली, दात पडले, काम सुटलं. आता ती गढीच्या फाटकाशी गरिबांच्या रांगेत उभी राही. मिळायचा तो कडक खारा मासा आणि काळा शिळा पाव, विटेसारखा. घरी सरपण असलं की भिजवून, शिजवून गिळायचा. नसलं तर पाव उशाशी आणि पोट पाठीशी. यंदा थंडी लवकर पडली होती, आणि हा हिवाळा काही आपण काढत नाही, असं तिने मनाशी धरलंच होतं.

त्यातच थोरले धनी गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी दानधर्म पाहणारे ब्रदर वीपोल्ड फाटकात आले.

"ऐका रे! आपला नियम आहे. थोरले धनी गेले की त्यांचं रोजचं जेवण एका गरिबाला, तो जिवंत असेपर्यंत. त्याने रोज त्यांच्या आत्म्यासाठी प्रार्थना करायची. मात्र फाटकावरचा पाव आणि खारा मासा त्याला बंद."

रांग मोडली. कुबडी आपटत सगळ्यांच्या पुढे घुसला हेनेके, पाय गमावलेला गाडीवान. ढकलाढकलीत कुन्ने पार भिंतीला जाऊन टेकली.

"मी, ब्रदर, मी! आत हरणाचं मांस माझ्या नावाने हाका मारतंय!"

"प्रार्थना येते का तुला?"

"शिकेन की. हरीण चावता चावता!"

आचाऱ्याने वाडगा आणला. हेनेकेने झाकण उचललं आणि त्याचं तोंडच उतरलं. आत दुधात शिजवलेली जवाची पेज, मऊ, पांढरी.

"हे काय? वासरू आजारी आहे का कुणाचं?"

"कित्येक वर्षं धनी हेच खायचे," आचारी म्हणाला. "दात कुठे होते त्यांना?"

"मग तरुणपणी खायचे ते द्या ना!"

"नियमात रोजचं जेवण म्हटलंय, तरुणपणाचं नाही," ब्रदर म्हणाले. "जन्मभर हेच. घेतोस?"

हेनेकेने आपल्या धडधाकट दातांवरून जीभ फिरवली. "नको बुवा. आपला मासाच बरा." मग मागे वळून ओरडला, "ब्रदर, त्या म्हातारीला बोलवा! कुन्नेच्या तोंडात एक दात सापडला तर माझी कुबडी तुमची!"

"मेल्या, कुबडी सांभाळ!" कुन्ने हसली. हसताना तोंड उघडलं, आणि ब्रदरना विचारायचं काही उरलंच नाही.

"ये, कुन्ने. बस."

ती पायरीवर बसली. वाकड्या बोटांत चमचा कसाबसा धरला. पेज गरम होती, चावायला काहीच नव्हतं, घास आपसूक खाली उतरत होता. पोटात ऊब पसरली, पार पायांच्या बोटांपर्यंत. अर्ध्यावर चमचा कलला आणि पेजेचा थेंब छातीवर सांडला.

तिने खाली पाहिलं. तीच जागा.

"असं होय, धनी," ती हळूच म्हणाली. "आणि मी मेली इतकी वर्षं तुम्हाला बोलत बसले. तोंडचा घास देऊन गेलात हो मला. देव तुमचं भलं करो."

"कुन्ने आजी, उद्या मध घालू का?" आचाऱ्याने विचारलं.

"धनी काय घालायचे?"

"चिमूटभर मीठ."

"मग मीठच घाल. आणि वाडगा काठोकाठ भर हो, बाबा. रोज प्रार्थना करायचीय त्यांच्यासाठी. पोट भरलेलं असलं की चांगली लांबलचक करता येते."